हाताने चालते, शेड्युलरमधून पडते: शेल स्क्रिप्टचा जॉब फेल होतो तेव्हा

टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट चालवली की सुरळीत चालते. तीच स्क्रिप्ट रात्री शेड्युलरने, म्हणजे ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या क्रॉनने, ऑटोसिसने किंवा कंट्रोल-एमने उचलली की जॉब लाल होतो, म्हणजे फेल दिसतो. सकाळी पुन्हा हाताने चालवून बघावी, तर पुन्हा ठीक. अशा वेळी पहिला हात कोडला जातो आणि तिथेच अर्धा दिवस जातो. स्क्रिप्ट दोन्ही वेळा तीच होती. बदललं ते तिच्या भोवतीचं: कोणता यूजर, कोणतं शेल, कोणती डिरेक्टरी, कोणती व्हेरिएबल्स आणि समोर टर्मिनल आहे की नाही. शोध तिथूनच सुरू करायचा, आणि अंदाजाने नाही, तर शेड्युलरकडूनच लिहून घेऊन.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या अक्षरांत आणि अंकांत टाकायच्या.

आधी आउटपुट हातात घ्या

जॉबचं आउटपुट नसेल तर बाकी सगळं अंधारात चाचपडणं आहे. क्रॉन आपलं आउटपुट मेलने पाठवतो. सर्व्हरवर मेलची सोय नसेल तर डेबियन आणि उबंटूवर सिस्टीम लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' (एमटीए म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्राम) एवढी एक ओळ येते आणि खरी एरर फेकून दिली जाते. म्हणून क्रॉनटॅबची, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमधली, ओळ अशी लिहा:

३० ० * * * /ऑप्ट/बॅच/साठा.एसएच >> /व्हार/लॉग/बॅच/साठा.लॉग २>&१

शेवटचं २>&१ शेवटीच हवं. ते >> च्या आधी लिहिलं तर एरर फाइलमध्ये न जाता जुन्याच जागी जातात. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: ज्या यूजरने जॉब चालतो त्याला त्या लॉग फाइलवर लिहायची परवानगी नसेल, तर शेल रीडायरेक्शनवरच, म्हणजे आउटपुट फाइलकडे वळवतानाच, थांबतं आणि स्क्रिप्टची पहिली ओळसुद्धा चालत नाही. बाहेरून वाटतं की क्रॉनने जॉब उचललाच नाही. उचलला होता का, ते रेड हॅटच्या कुळातल्या सर्व्हरवर /व्हार/लॉग/क्रॉनमध्ये आणि उबंटूवर 'जर्नलसीटीएल -यू क्रॉन'ने दिसतं. ऑटोसिसमध्ये जॉबच्या व्याख्येत एसटीडी_आउट_फाइल आणि एसटीडी_ईआरआर_फाइल या दोन्ही ओळी भरा. एकच भरून अर्धी माहिती मिळते.

मग एक्झिट कोड बघा, म्हणजे स्क्रिप्ट संपताना जो आकडा परत देते तो; ० म्हणजे यश. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, हे बहुतेक वेळा पाथचं, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीचं दुखणं. १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही: एकतर एक्झिक्यूटची परवानगी नाही, किंवा फाइल ज्या डिस्कवर आहे ती 'नोएक्झेक' पर्यायाने माउंट केलेली आहे. दुसऱ्या कारणात एलएस -एलमध्ये परवानगी अगदी ठीक दिसते, त्यामुळे 'माउंट' कमांडचं आउटपुट बघितल्याशिवाय ते कळत नाही. १२८ च्या वरचा कोड असेल तर त्यातून १२८ वजा करा, उरतो तो सिग्नलचा क्रमांक. १३७ म्हणजे ९ नंबरचा सिग्नल, म्हणजे प्रोसेस बळजबरीने मारली. मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारली का, ते डीमेसेजमध्ये तपासा. १४३ म्हणजे १५ नंबर, म्हणजे कुणीतरी रीतसर थांबवलं. हे बहुधा शेड्युलरवर लावलेल्या कमाल वेळेच्या मर्यादेमुळे. सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) टायमरवर २०३ दिसला तर फाइल चालवायलाच जमलेली नाही. पाथ, परवानगी आणि पहिली ओळ तपासा.

शेड्युलरला काय दिसतं ते त्याच्याकडूनच लिहून घ्या

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीखाली तात्पुरतं एवढं टाका:

{ डेट; आयडी; पीडब्ल्यूडी; यूमास्क; यूलिमिट -ए; एन्व्ह | सॉर्ट; } > $होम/जॉब-एन्व्ह.$$ २>&१

जॉब एकदा शेड्युलरमधून चालू द्या, एकदा हाताने चालवा, आणि दोन्ही फाइलींवर डिफ चालवा. बहुतेक प्रकरणं या एका तुलनेत उलगडतात. क्रॉनची यादी इतकी छोटी निघते की पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो: शेल म्हणून /बिन/एसएच, होम, लॉगिन नाव, आणि पाथमध्ये फक्त /यूएसआर/बिन:/बिन. /यूएसआर/लोकल/बिन नाही, /ऑप्टमधलं काही नाही, ऑरॅकल_होम नाही, जावा_होम नाही.

ही व्हेरिएबल्स गेली कुठे? ती कधी आलेलीच नव्हती. .बॅश_प्रोफाइल फक्त लॉगिन शेल वाचतं आणि .बॅशआरसी फक्त इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत असतो ते. क्रॉनचं शेल दोन्ही नसतं. यावर लोक स्क्रिप्टमध्ये .बॅशआरसी सोर्स करतात, म्हणजे ती फाइल आत वाचून घेतात, आणि तरीही काही होत नाही, कारण डेबियन-उबंटूच्या .बॅशआरसीच्या सुरुवातीलाच 'शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा' अशी ओळ असते. फाइल वाचली जाते, पण दोन-चार ओळींपुरतीच.

पूर्ण प्रोफाइल सोर्स करणंही चांगलं नाही. त्यात एसटीटीवाय असतं, प्रॉम्प्टचे रंग असतात, कुणीतरी 'कोणता डेटाबेस हवा?' विचारणारा मेन्यू घातलेला असतो. समोर माणूस नसताना यातलं काहीही अडकतं. ऑरॅकलची ओराएन्व्ह ही फाइलसुद्धा एसआयडी, म्हणजे डेटाबेसचं नाव, विचारते; ती सोर्स करायचीच असेल तर आधी ऑरॅकल_एसआयडी द्या आणि ओराएन्व्ह_आस्क=नो करा. सगळ्यात स्वच्छ मार्ग हा: बॅचसाठी वेगळी फाइल ठेवा, /ऑप्ट/बॅच/बॅच.एन्व्ह. तिच्यात फक्त एक्स्पोर्टच्या ओळी, दुसरं काही नाही. प्रत्येक स्क्रिप्ट तीच वाचेल, मग ती क्रॉनने चालवा, कंट्रोल-एमने चालवा की हाताने.

क्रॉनटॅबमध्येच पाथ लिहायचा असेल तर पूर्ण लिहा. 'पाथ=$पाथ:/ऑप्ट/बिन' असं लिहिलं तर क्रॉन $पाथ उलगडत नाही; ती अक्षरं जशीच्या तशी पाथमध्ये बसतात आणि मग साधं एलएससुद्धा सापडेनासं होतं.

दुरुस्ती झाली का हे बघायला रात्रीची वाट बघत बसू नका. क्रॉनसारखीच परिस्थिती दिवसाढवळ्या उभी करता येते:

सुडो -यू बॅच एन्व्ह -आय होम=/होम/बॅच लॉगनेम=बॅच शेल=/बिन/एसएच पाथ=/यूएसआर/बिन:/बिन सेटसिड -डब्ल्यू /बिन/एसएच -सी 'सीडी; /ऑप्ट/बॅच/साठा.एसएच' < /डेव्ह/नल

एन्व्ह -आय जुनी सगळी व्हेरिएबल्स काढून टाकतं, सेटसिड टर्मिनल तोडतं, /डेव्ह/नल इनपुट बंद करतं. यात पडली तर रात्रीही पडणार. यात चालली, तरच पुढे जा.

शेल वेगळं, डिरेक्टरी वेगळी

उबंटूने २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून /बिन/एसएच म्हणजे बॅश नव्हे तर डॅश केलं. डेबियनही पुढे त्याच वाटेने गेलं. दुहेरी चौकोनी कंस, अ‍ॅरे, 'सोर्स' हा शब्द, हे सगळं बॅशचं. डॅशमध्ये '[[: नॉट फाउंड' अशी एरर येते. स्क्रिप्टची पहिली ओळ #!/बिन/बॅश ठेवा, आणि शेड्युलरच्या कमांडमध्ये 'एसएच साठा.एसएच' असं लिहू नका. तसं लिहिलं की पहिल्या ओळीला काही अर्थ उरत नाही.

फाइल समोर दिसत असताना 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' किंवा 'बॅड इंटरप्रीटर' आणि शेवटी ^एम दिसलं, तर स्क्रिप्ट विंडोजवर एडिट होऊन आली आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर आहे, त्यामुळे कर्नल 'बॅश' नाही तर 'बॅश आणि पुढे ते अक्षर' या नावाची फाइल शोधतो. 'फाइल साठा.एसएच' कमांडने खात्री करा आणि सेड -आय 'एस/\आर$//' साठा.एसएच चालवा. हाच दोष बॅच.एन्व्हमध्ये असला तर जास्त छळतो, कारण तिथे एरर येत नाही. व्हेरिएबलच्या किमतीला ते अक्षर चिकटतं आणि डिरेक्टरी सापडत नाही.

डिरेक्टरीचं थोडक्यात: क्रॉन यूजरच्या होममधून सुरू करतो, सिस्टमडीची सिस्टीम सर्व्हिस मूळ / मधून. स्क्रिप्टमध्ये '/डेटा/आवक'ऐवजी नुसतं 'आवक' लिहिलं असेल तर ते हाताने चालवताना तुम्ही योग्य जागी उभे होता म्हणूनच चालत होतं. सुरुवातीला 'सीडी /ऑप्ट/बॅच || एक्झिट १' लिहा. ते || एक्झिट वगळू नका. सीडी फसली आणि पुढच्या ओळीत जुन्या फाइली पुसण्याची कमांड असली, तर ती भलत्याच डिरेक्टरीत चालते.

क्रॉनटॅबचे स्वतःचे नियम

क्रॉनटॅबमध्ये % हे चिन्ह साधं नाही. पहिला % आला की कमांड तिथे संपते आणि पुढचा मजकूर इनपुट म्हणून दिला जातो. त्यामुळे तारखेचं नाव असलेली फाइल बनवणारी, टर्मिनलमध्ये उत्तम चालणारी ओळ क्रॉनमध्ये अर्धी तुटते. प्रत्येक % च्या आधी \ लावा, किंवा तारीख स्क्रिप्टच्या आत काढा, दुसरं बरं. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्येही % ला वेगळा अर्थ आहे, तिथे %% लिहावं लागतं. शिवाय एक्झेकस्टार्टची ओळ शेलमधून जात नाही, त्यामुळे तिथे पाइप आणि > चालत नाहीत.

डेबियनवर /ईटीसी/क्रॉन.डेलीमध्ये 'साठा.एसएच' ठेवली तर ती कधीच चालत नाही आणि एररही येत नाही. त्या डिरेक्टरीतल्या फाइली चालवणारं रन-पार्ट्स नावात टिंब असलेल्या फाइली सोडून देतं. नाव नुसतं 'साठा' करा. आणि महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही दिले तर क्रॉन 'हे किंवा ते' असा अर्थ घेतो: '१ तारीख' आणि 'सोमवार' लिहिलं तर १ तारखेलाही चालेल आणि दर सोमवारीही.

साडेपाच तासांचा घोळ

क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतात. भारतीय वेळेने रात्री साडेबाराचा जॉब यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी १९:०० वाजता चालतो. क्रॉनटॅबमधली वेळ लोक बरोबर बदलतात, पण स्क्रिप्टमधली डेट कमांड विसरतात. १ एप्रिलच्या रात्री १२:३० ला सर्व्हरची तारीख ३१ मार्च असते, आणि नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या फाइलवर जुन्या वर्षाची तारीख पडते. पुढचा जॉब १ एप्रिलच्या नावाची फाइल शोधतो, ती नसते, तो पडतो. सकाळी दहा वाजता हाताने चालवावं तर सगळं ठीक, कारण पहाटे ५:३० नंतर दोन्हीकडे एकच तारीख असते.

स्क्रिप्टमध्ये टीझेड=एशिया/कोलकाता डेट +%एफ असं लिहा. स्पेलिंग तपासा: टाइमझोनचं नाव चुकलं तर डेट तक्रार करत नाही, गुपचूप यूटीसी वेळ देते. रेड हॅटच्या क्रॉनमध्ये क्रॉन_टीझेड लिहून वेळापत्रकच भारतीय वेळेवर ठेवता येतं, पण त्याचा परिणाम जॉबच्या आतल्या डेटवर होत नाही.

खरं तर व्यवहाराची तारीख स्क्रिप्टने घड्याळाला विचारूच नये. ती शेड्युलरने आर्ग्युमेंट म्हणून द्यावी. कंट्रोल-एममध्ये त्यासाठीच ओडेट ही जॉबची ठरलेली तारीख आहे. ती मध्यरात्रीला नव्हे, तर ठरवून दिलेल्या 'न्यू डे' वेळेला बदलते. फेल झालेला जॉब दोन दिवसांनी पुन्हा चालवावा लागला तरी तारीख मूळचीच राहते. डेट कमांडवर विसंबलेल्या स्क्रिप्टला हे कधीच जमत नाही.

समोर टर्मिनल नाही

हाताने एसएसएच चालतं कारण तुमच्या सेशनमध्ये की-एजंट, म्हणजे उघडलेली की लक्षात ठेवणारा प्रोग्राम आहे. शेड्युलरकडे एसएसएच_ऑथ_सॉक नसतं, मग पासफ्रेज विचारला जातो आणि जॉब लटकतो किंवा पडतो. बॅच यूजरसाठी वेगळी की ठेवा, एसएसएच -ओ बॅचमोड=येस वापरा म्हणजे विचारत बसण्याऐवजी लगेच एरर देईल, आणि समोरच्या सर्व्हरची ओळख बॅच यूजरच्याच नोन_होस्ट्समध्ये आधी नोंदवून ठेवा. तुमच्या नोन_होस्ट्समध्ये असून उपयोग नाही. सुडोला -एन द्या, एसक्यूएलप्लसला (ऑरॅकलमध्ये एसक्यूएल चालवणारा प्रोग्राम) -एल, म्हणजे लॉगिन फसलं की पुन्हा पासवर्ड विचारणार नाही.

हिरवा जॉब, पण काम झालेलं नाही

लाल जॉब निदान ओरडतो. खरं नुकसान हिरव्या दिसणाऱ्या जॉबने होतं. शेड्युलर फक्त स्क्रिप्टचा शेवटचा एक्झिट कोड बघतो, आणि असंख्य स्क्रिप्टांची शेवटची ओळ 'एको जॉब पूर्ण झाला' अशी असते. एको नेहमीच यशस्वी होतं. वर काहीही कोसळलं असलं तरी कोड ०.

पाइपचंही तसंच. 'एक्स्पोर्ट.एसएच | टी साठा.लॉग' यात कोड टीचा जातो, एक्स्पोर्टचा नाही. बॅशमध्ये सेट -ओ पाइपफेल लावा. फंक्शनमध्ये 'लोकल संख्या=$(मोजणी)' लिहिलं तर मोजणी फसली तरी कोड लोकलचा, म्हणजे ०. दोन ओळी करा: आधी लोकल संख्या, मग संख्या=$(मोजणी). कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारं सेट -ई लावाच, पण डोळे मिटून नको: ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ देतो आणि चांगली स्क्रिप्ट तिथेच थांबते. 'शून्य नोंदी' हे जिथे चालण्यासारखं आहे, तिथे तो १ वेगळा हाताळा.

एसक्यूएलप्लस हा यातला सगळ्यात मोठा फसवा. एसक्यूएलमध्ये एरर आली तरी तो शांतपणे पुढची ओळ घेतो आणि शेवटी ० देतो. म्हणून 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट एसक्यूएल.एसक्यूएलकोड' लिहायची पद्धत आहे, पण तीही पुरेशी नाही. युनिक्सचा एक्झिट कोड ० ते २५५ मध्येच मावतो. मोठ्या संख्येला २५६ ने भागून उरते ती बाकी मिळते. ओआरए-००९४२, म्हणजे टेबल नाही, याचा कोड १७४ होतो. निदान लाल तरी दिसतो. पण ओआरए-०१७९२ घ्या. १७९२ म्हणजे २५६ गुणिले ७, बाकी ०. एरर आली, आणि शेड्युलरला यश दिसलं. त्यामुळे 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट फेल्युअर रोलबॅक' लिहा आणि खरा एरर क्रमांक लॉगमधून वाचा. ऑटोसिसमध्ये मॅक्स_एक्झिट_सक्सेसही तपासा. कुणी कधीकाळी तिथे ५ लिहून ठेवलं असेल तर १ ते ५ सगळं यशच धरलं जातं.

एरवी चाळीस मिनिटं चालणारा जॉब दोन सेकंदांत हिरवा झाला, तर स्क्रिप्टमध्ये & शोधा. काम मागे सोडून स्क्रिप्ट संपली आणि शेड्युलरने जॉब पूर्ण धरला. सिस्टमडीत तर सर्व्हिस संपताच मागे राहिलेल्या प्रोसेस मारल्या जातात. समांतर कामं हवीच असतील तर प्रत्येकाचा $! जपून ठेवा आणि प्रत्येकासाठी वेगळं 'वेट' लावा. नुसतं 'वेट' सगळ्यांची वाट बघतं, पण कुणीही पडलं तरी ० देतं.

कधीतरीच पडणारा जॉब

महिन्यातून दोनदाच पडतो, तेही महिनाअखेरीस: आधीचा फेरा संपायच्या आत पुढचा सुरू होतो आहे. एका वेळी एकच फेरा चालू देणाऱ्या फ्लॉकने फ्लॉक -एन -ई ७५ /व्हार/लॉक/साठा /ऑप्ट/बॅच/साठा.एसएच असं चालवा (इथे ई हे कॅपिटल). लॉक मिळाला नाही तर कोड ७५ येईल, म्हणजे 'आधीचा चालू आहे' आणि 'खरंच पडला' हे वेगळं ओळखता येईल. प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवणाऱ्या पीआयडी फाइलचं जुनं तंत्र नको. प्रोसेस ९ नंबरने मारली तर ती फाइल तशीच राहते आणि पुढचे सगळे फेरे अडतात. फ्लॉकचा लॉक कर्नल स्वतः सोडतो. & ने मागे सोडलेली प्रोसेस मात्र तो धरून बसते.

दुसरा संशयित लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग. हाताने लॅंग यूटीएफ-८ असतं, क्रॉनमध्ये अनेकदा नसतंच. सॉर्टचा क्रम बदलतो आणि पुढचं कॉम किंवा जॉइन 'नॉट इन सॉर्टेड ऑर्डर' म्हणतं. नावं, पत्ते मराठीत असलेली फाइल पायथॉन ३.६ ला दिली तर पहिल्याच देवनागरी अक्षराला अ‍ॅस्कीची एरर येते, ३.७ पासून हे सुधारलं आहे, पण रेड हॅट ८ वर मूळचा पायथॉन ३.६ च आहे. ज्या दिवशी फाइलमध्ये देवनागरी नाव नसतं, त्या दिवशी जॉब चालतो, म्हणून हा दोष अनियमित भासतो. बॅच.एन्व्हमध्ये लॅंग=सी.यूटीएफ-८ एक्स्पोर्ट करा.

यानंतरही धागा सापडला नाही तर स्क्रिप्टच्या वर सेट -एक्स लावा आणि पीएस४ मध्ये $लाइननो घाला, म्हणजे प्रत्येक ओळ क्रमांकासकट लॉगमध्ये येईल. एकच रात्र. सेट -एक्स पासवर्डसुद्धा उघडे लिहितं, आणि सुरुवातीला काढलेल्या जॉब-एन्व्ह फाइलींतही ते असू शकतात. त्या फाइली ६०० परवानगीनेच ठेवा (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा), दोषाचं कारण सापडलं की पुसा, आणि ती तात्पुरती ओळ स्क्रिप्टमधून काढूनच तिकीट बंद करा.